आईचं डी ११ वरून ३८ वर आलं, पण जमिनीवरून उठता अजूनही येत नाही

अबोली_कोथरूड | १४ जून

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची. गेल्या वर्षी गौरी आणताना तिने दारापासून देवघरापर्यंत पावलं काढायला घेतली आणि तिसऱ्या पावलाशी थांबली. उकिडवी बसली होती ती तशीच राहिली, एक हात रांगोळीच्या वाटीत, दुसरा भिंतीवर. मला वाटलं, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते बघतेय. जरा वेळाने हळूच म्हणाली, "अगं, मला उठव." उरलेली पावलं मी काढली. ती सोफ्यावर बसून बघत होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

फेब्रुवारीत तपासण्या केल्या, व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली. दर रविवारी दुधातून. मेमध्ये परत तपासलं तर ३८! घरात सगळे खूश. पण पाय जसेच्या तसे. खुर्चीतून उठताना टेबलाला रेटा देते, जिना उतरताना कठडा सोडत नाही, मांडी घालून बसणं तर बंदच.

शेजारच्या काकू दोन वर्षं दर रविवारी पुडी घेतात. त्या आईला म्हणाल्या, "बंद कशाला केलीस? जितकं जास्त तितकं बरं." आई आता त्यांचं ऐकायच्या बेतात आहे. पुडी परत सुरू करावी का? आणि आकडा सुधारला तर पाय का नाही सुधारले? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लिहा.

कैरी | १४ जून

वाचतेय. साबांचं (सासूबाईंचं) अगदी हेच. त्यांचं १७ होतं.

सिंहगडरोडकर | १४ जून

माझा अनुभव अगदी उलटा आहे, म्हणून लिहितो. माझ्या आईचं डी ६ होतं. मांड्या आणि कंबर सतत ठणकायची, चालताना बदकासारखी दोन्ही बाजूंना झुलायची. बसची पहिली पायरी चढायला मागून कोणीतरी आधार द्यावा लागे. वर्षभर सगळे म्हणत होते, वय झालं, संधिवात आहे. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाडं मऊ पडली आहेत असं सांगितलं आणि डी व कॅल्शियम दिलं. तीन महिन्यांत आई एकटी मंडईत जाऊन भाजी घेऊन आली. दोन्ही हातांत पिशव्या. मला दारात बघून नुसती हसली. त्यामुळे डीने काही होत नाही असं कोणी म्हणू नये.

फिजिओ_ताई | १४ जून

@सिंहगडरोडकर, तुमच्या आईंचं ते चित्र अगदी नेमकं आहे. डी फारच खाली गेलं की खुब्याजवळचे आणि मांडीचे स्नायू दुबळे पडतात, हाडं दुखतात, चाल झुलते. तिथे डी देणं हाच उपचार आणि त्याचा गुणही ठळक दिसतो.

@अबोली, आईंचं रक्त दोनदा मोजलं. पाय कोणी मोजले का? घरीच करता येईल. बिनहातांची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा, मोबाइलवर वेळ लावा. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषांत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची कामगिरी कमी धरतात. हाताच्या पकडीचंही मोजमाप असतं, बायकांत १८ किलोपेक्षा कमी म्हणजे ताकद कमी.

दुसरं, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. बारा सेकंदांच्या पुढे गेलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. दोन्ही करून इथे लिहाल का? आणि हात न टेकता पहिल्यांदा तरी उठता येतंय का, तेही सांगा.

औषधांची_पेटी | १५ जून

आमचं औषधांचं दुकान पेठेत आहे, चाळीस वर्षांचं. "ती रविवारची पुडी द्या" म्हणून रोज कोणी ना कोणी येतं. बहुतेकांकडे चिठ्ठी नसते, असली तर तीन वर्षांपूर्वीची. मी देत नाही, मग भांडण होतं. व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय होतंय, असं म्हणतात.

एक आजी आमच्याकडे नेहमी यायच्या. त्या कुठूनतरी डबा घेऊन आल्या आणि आठवड्याची गोळी रोज घ्यायला लागल्या. रोज ६०,०००! दोन-अडीच महिन्यांनी मुलगा आला, म्हणाला आई सारखं पाणी पिते, जेवत नाही, उलट्या होतात, पोट साफ होत नाही, दुपारी चारला सकाळ समजून दात घासते. कॅल्शियम भयंकर वाढलं होतं, किडनीवरही ताण आला होता. बऱ्या झाल्या, पण बारा दिवस दवाखान्यात होत्या. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे शरीराला लागतं ते मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं थोडं. अबोलीताई, काकूंना प्रेमाने सांगा, पण सांगाच.

आकडेमोड | १५ जून

"जितकं जास्त तितकं बरं" याच मुद्द्यावर लिहितो. हे नुसतं चूक नाही, उलटं पडू शकतं.

ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरच्या २,२५६ बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१० साली निकाल छापून आला. वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस. कल्पना अशी की रोजच्या गोळीची कटकट नको. झालं काय, तर डोस घेतलेल्या बायका न घेतलेल्यांपेक्षा १५ टक्के जास्त पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली. पडण्याचं प्रमाण डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वाढलेलं होतं.

दुसरा प्रयोग झुरिचचा, २०१६ चा, आणि तो आपल्या पुडीच्या फार जवळचा आहे. सत्तरीच्या पुढची २०० माणसं, सगळी आधी एकदा तरी पडलेली. काहींना महिन्याला २४,००० युनिट, काहींना ६०,०००. वर्षभरानंतर ६०,०००वाल्यांचे पाय काही जास्त बळकट झाले नाहीत, आणि त्यांच्यातले शंभरातले ६७ जण पडले. २४,०००वाल्यांत हा आकडा ४८ होता.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अस्वस्थ झालं, कारण माझी आई तेव्हा तेच घेत होती.

सिंहगडरोडकर | १५ जून

@आकडेमोड, ती सगळी युरोप-ऑस्ट्रेलियातली माणसं. त्यांचं डी आधीच बरं असणार. आपल्याकडे ६ आणि ११ वाली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यावरचे निकाल आपल्याला कसे लावता? माझ्या आईला कोणी हे वाचून औषध नाकारलं असतं तर?

आकडेमोड | १५ जून

अर्धा मुद्दा एकदम मान्य. अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांच्या मोठ्या अभ्यासात रोज २,००० युनिट पाच वर्षं देऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही, पण तिथे बहुतेकांना डीची कमतरता नव्हतीच. भरल्या हंड्यात पाणी ओतलं तर ते सांडणारच. याउलट फ्रान्समधला १९९२ चा अभ्यास बघा. वृद्धाश्रमातल्या ३,२७० बायका, सरासरी वय ८४, बाहेर पडणं जवळजवळ नाही. त्यांना रोज ८०० युनिट डी आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम दिलं, तर दीड वर्षात खुब्याचं हाड मोडणं ४३ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या आई या दुसऱ्या गटातल्या.

पण झुरिचच्या लोकांतले निम्म्याहून जास्त २० च्या खालीच होते. म्हणजे कमतरता असलेल्यांतही मोठ्या मासिक डोसने पाय सुधारले नाहीत. कमतरता भरून काढा, नक्की काढा. ती भरल्यावर आणखी ओतत राहू नका. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही पन्नाशीच्या पुढे गरज असेल तर अधूनमधून मोठ्या डोसपेक्षा रोजचा लहान डोस बरा, असं सुचवलं आहे.

सिंहगडरोडकर | १५ जून

भरला हंडा पटला. आईचा आता किती आहे ते तपासून घेतो, ती अजून महिन्याला एक घेते.

पेठेतली_सून | १६ जून

मला एक कळत नाही. आमच्या आजेसासूबाईंनी डी हे नावही ऐकलं नव्हतं आणि ८२ व्या वर्षी जात्यावर बसायच्या. ऊन खा म्हणावं आईंना! रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात गॅलरीत बसवा, फुकटचं औषध.

वेताळटेकडी | १६ जून

@पेठेतली_सून, कोवळ्या उन्हाबद्दल आपल्या सगळ्यांचीच एक गैरसमजूत आहे. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून जरा सविस्तर.

त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या अतिनील ब किरणांमुळे. सकाळी सातला सूर्य खाली असतो, किरणं हवेच्या जाड थरातून तिरपी येतात आणि नेमका हाच भाग वाटेत गळून जातो. ऊब लागते, प्रसन्न वाटतं, पण डी जवळजवळ नाही. सोपी खूण सांगतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात डी मिळतं, लांब असेल तर फारसं नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरातही भर दुपारी आपली सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. आणि मेच्या मध्याला व जुलैच्या शेवटी तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे उन्हाचा तुटवडा आपल्याकडे नाही. आपण त्यात जात नाही.

गॅलरीला सरकत्या काचा असतील तर त्या उघडा. काचेतून प्रकाश येतो, हे किरण येत नाहीत. आणि सत्तरीतली त्वचा विशीतल्या त्वचेच्या निम्म्याहूनही कमी डी बनवते, त्यामुळे नुसता चेहरा पुरत नाही. कोपरापर्यंत हात, पोटऱ्या उघड्या हव्यात. दहा-अकराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं, कातडी तापून लाल होण्याआधी आत. सध्या पावसाळा आहे, ढग असतील तेव्हा आशा धरू नका.

पेठेतली_सून | १६ जून

काका, सावलीचं आज गच्चीवर जाऊन बघितलं. साडेसातला माझी सावली पाण्याच्या टाकीपर्यंत, अकराला पायाशी. इतकी वर्षं आम्ही साबांना चुकीच्या वेळी बसवत होतो.

आणि आजेसासूबाईंचं कोडं पण सुटलं. वाळवणं! उन्हाळाभर कुरडया, सांडगे, पापड. दहा ते बारा गच्चीवर, बाह्या वर सारलेल्या, उकिडवं बसून कुरड्या घालायच्या, उठायचं, दुसऱ्या चादरीवर जाऊन परत बसायचं.

फिजिओ_ताई | १६ जून

@पेठेतली_सून, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे. उकिडवं बसायचं, उठायचं, परत बसायचं. ऊन एकीकडे आणि दिवसाला पन्नास-साठ उठाबशा दुसरीकडे. दोन्ही एकाच वेळी गेलं आपल्या घरांतून.

कैरी | १६ जून

आणि आताच्या मुली गाडीवर डोळे सोडून सगळं स्कार्फ आणि हातमोज्यांत गुंडाळून जातात. माझी लेक पण. त्या सत्तरीच्या होतील तेव्हा काय, याची मला खरंच काळजी वाटते.

मालवणी_माणूस | १६ जून

बांगडा खा, तारली खा. अंड्याचा पिवळा बलक खा. :)

अबोली_कोथरूड | १६ जून

@मालवणी_माणूस, आई शाकाहारी आहे, अंडंही नाही. शाकाहारात डी कशात असतं?

आकडेमोड | १६ जून

फारच थोडं. उन्हात ठेवलेल्या मशरूममध्ये काही प्रमाणात. काही पिशवीबंद दुधांत आणि तेलांत घातलेलं असतं, पिशवीवर निळं +एफ असं चिन्ह बघा. बाकी नाचणी आणि तीळ कॅल्शियमसाठी उत्तम, पण त्यात डी नाही. या दोन गोष्टींची लोक कायम गल्लत करतात.

फिजिओ_ताई | १६ जून

आणि प्रथिनं विसरू नका. पुण्यातल्या बहुतेक आज्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे मऊ भात आणि पातळ वरण, किंवा दूधपोळी. स्नायू कशातून बांधायचा? वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिनं तरी हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ग्रॅम. घट्ट वरण, मटकीची उसळ, पनीर, घट्ट दही, शेंगदाणे, सोयाबीन. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

अबोली_कोथरूड | १७ जून

मोजलं. पाच वेळा उठायला १९ सेकंद. हात छातीवर ठेवून पहिल्यांदा उठताच येईना. दोनदा प्रयत्न केला, अर्ध्यावरून परत खाली बसली. मग हात मांड्यांवर ठेवून जमलं. चौथ्या वेळी श्वास लागला, पाचव्याला टाचा उचलल्या गेल्या. तीन मीटर जाऊन यायला १६ सेकंद, आणि वळताना तीन लहान लहान पावलं टाकून वळते. हे मी रोज बघत होते पण आज दिसलं.

फिजिओ_ताई | १७ जून

अबोली, फार नीट निरीक्षण केलंत. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ११ वर असताना स्नायूला नीट काम करता येत नव्हतं. ३८ वर आता ते शक्य आहे. पण वर्ष-दोन वर्षं ज्या मांडीने काम केलं नाही ती पुडीने बांधली जात नाही. काम दिल्यावरच बांधली जाईल.

आधी डॉक्टरांकडून एवढं पाहून घ्या: गुडघ्यांची झीज किती, बी१२ (विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर), थायरॉइड, उभं राहिल्यावर बीपी पडतं का, आणि हाडांची घनता. मणक्याची हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम करायचे नाहीत, हे महत्त्वाचं.

सगळं ठीक असेल तर सुरुवात अशी. खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवा म्हणजे बैठक उंच होईल. त्यावरून हात न लावता उठणं, सावकाश बसणं. बसताना धपकन नको, तीन आकडे मोजत. आठ वेळा, जरा विश्रांती, परत आठ. एक दिवसाआड. हे सोपं वाटायला लागलं की एक उशी काढा, मग दुसरी. दुसरा व्यायाम ओट्याशी: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर, खाली. तिसरा, ओट्याशेजारीच एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून दहा सेकंद उभं राहणं. कोणीतरी जवळ हवंच.

श्रावणसरी | १८ जून

मी ६८. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, सगळ्या पन्नाशी ते सत्तरी. श्रावणाच्या दोन महिने आधी सराव सुरू होतो. झिम्मा आणि पिंगा सगळ्या जणी, बसफुगडी फक्त ज्यांना जमते त्या. मी तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा झिम्म्यात दोन फेऱ्यांनी धाप लागायची. आज घागर फुंकतानाही काही वाटत नाही. माझं डी कधी ३० च्या वर गेलं नाही हो, पण मी जमिनीवरून हात न टेकता उठते. अबोली, आईंना घेऊन ये. नुसतं बसून टाळ्या वाजवल्या तरी चालेल पहिले काही दिवस.

फिजिओ_ताई | १८ जून

झिम्मा उत्तम! वजन एका पायावरून दुसऱ्यावर, ताल, वळणं, तोल. बसफुगडी मात्र हाडांची तपासणी झाल्याशिवाय नको.

कैरी | १८ जून

अवांतर: श्रावणसरी, तुमच्या ग्रुपमध्ये जागा आहे का? साबांबरोबर मलाही यायचंय.

श्रावणसरी | १८ जून

जागा आहेच! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अबोली_कोथरूड | ११ जुलै

मध्यंतरी डॉक्टरांकडे जाऊन आलो. गुडघे मध्यम झिजलेत. बी१२ कमी निघालं, १६०, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. हाडांची घनता कमी आहे, पण ठिसूळ म्हणण्याइतकी नाही. पुडी बंदच, रोज १,००० युनिटची छोटी गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी कॅल्शियम बघू म्हणाले. काकूंचा विषयही काढला. काकूंनी तपासून घेतलं तर डी ११२! त्यांचीही पुडी त्यांच्या डॉक्टरांनी थांबवली.

उशांचा व्यायाम चालू आहे. पहिला आठवडा भांडणात गेला. "मी काय शाळेत आहे का" म्हणे. मग मी तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवून बरोबर करायला लागले. माझ्या मांड्या दुसऱ्या दिवशी तिच्यापेक्षा जास्त दुखल्या आणि ते बघून तिला हुरूप आला.

औषधांची_पेटी | ११ जुलै

काकूंचं वाचून जीव भांड्यात पडला.

सिंहगडरोडकर | १२ जुलै

आईचं ५४ आलं. डॉक्टरांनी महिन्याची पुडी थांबवून रोजचा लहान डोस केला. @आकडेमोड, धन्यवाद, मनापासून. आणि आईने खुर्चीची परीक्षा ११ सेकंदांत दिली.

अबोली_कोथरूड | भाद्रपद, गौरी आवाहनाचा दिवस

धागा वर काढतेय. काल मोजलं, १३ सेकंद, हात छातीवर. एक उशी अजून आहे.

आज सकाळी आईने रांगोळीची वाटी माझ्या हातातून घेतली. मी एक बुटकं स्टूल तिच्या बाजूला ठेवलं आणि गप्प राहिले. चार पावलं काढली, स्टूलवर एक हात ठेवून उठली, बसली, दम खाल्ला. परत चार. दारापासून देवघरापर्यंत बावीस पावलं झाली, पाऊण तास लागला. शेवटची दोन जरा मोठी आणि वाकडी आली आहेत. ती पुसून नीट करू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू दे, गौर घाईत होती."

श्रावणसरी, पुढच्या आठवड्यात सराव कधी आहे?

श्रावणसरी | भाद्रपद, गौरी पूजनाचा दिवस

गुरुवारी चारला. आईंना झिम्म्याच्या पहिल्या रांगेत घेते.